आपला ‘ठग’ आणि इंग्रजांचा ‘थग’ वेगळे कसे झाले? नळदुर्गच्या टेलर साहेबाची गोष्ट

आजी नातवाला असं काही सडेतोड उत्तर देते की पोरगा गपगार होतो. तिथेच व्हिडिओ थांबतो, आजीच्या डोळ्यांवर काळा गॉगल येऊन बसतो, मागे गाणं वाजतं आणि स्क्रीनवर दोन शब्द येतात, ‘थग लाईफ’.

असले मीम आपण सगळ्यांनीच पाहिलेत आणि फॉरवर्डही केलेत. पण हा ‘थग’ म्हणजे आपलाच ‘ठग’ आहे, हे किती जणांना माहितेय?

आता खरी गंमत बघा. मराठीत ठग म्हणजे फसवणारा, ठकवणारा. गोड बोलून तुमच्या खात्यातले पैसे काढून घेणारा माणूस ठग. इंग्रजीत मात्र थग म्हणजे मारहाण करणारा, दांडगाई करणारा गुंड. एकच शब्द, पण आपल्याकडे तो डोक्याने लुटतो आणि तिकडे हाताने. त्यामुळे ऑनलाईन फसवलेल्या माणसाबद्दल तुम्ही इंग्रजीत थग लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की त्याने तुम्हाला चोपलं.

हा फरक पडला कसा? त्यात एका माणसाच्या कादंबरीचा मोठा वाटा आहे. हा माणूस आपल्या धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गला, बरीच वर्षं कारभार करून गेला. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर.

पंधराव्या वर्षी घर सुटलं

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. वडील व्यापारी होते. पण घरची परिस्थिती बेताची झाली आणि पंधरा वर्षांच्या पोराला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून पाठवायचं ठरलं. पुढे मोठा पगार, धंद्यात भागीदारी, अशी स्वप्नं दाखवली होती.

१८२४ मध्ये पोरगं मुंबईत उतरलं, तर इथे वेगळंच चित्र. ज्याच्या भरवशावर आला तो व्यापारी स्वतःच अडचणीत आलेला.

म्हणजे ठकवला जाण्याचा अनुभव टेलरला भारतात पाय ठेवल्या ठेवल्याच मिळाला. सुदैवाने ओळखीतून एक वाट निघाली. हैदराबादच्या निजामाच्या फौजेत त्याला अधिकाऱ्याची जागा मिळाली. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. टेलर ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर नव्हता, निजामाचा होता. कंपनीच्या साहेबांना मिळायचा तसा मान आणि बढती त्याच्या वाट्याला सहज आली नाही. पण त्यामुळे तो माणसांत मिसळला आणि इथल्या भाषा शिकला. कायदा, भूगर्भशास्त्र, जुन्या वास्तू यांचाही त्याने आपला आपण अभ्यास केला.

फासीगर की ठग?

विशीच्या आतच टेलरला निजामाच्या राज्यातल्या नैर्ऋत्य भागात पोलिसांचा सहायक अधिकारी म्हणून नेमलं गेलं. काम होतं दरोडेखोर पकडायचं आणि रस्ते सुरक्षित ठेवायचं.

त्या काळचा प्रवास डोळ्यासमोर आणा. रेल्वे नाही, मोटार नाही. व्यापारी, यात्रेकरू, सुट्टीवर निघालेले शिपाई असे दिवसेंदिवस पायी किंवा घोड्यावरून चालायचे. एखादा माणूस घरी पोचला नाही, तर तो वाटेत कुठे गेला हे विचारायचं कोणाला? टेलरच्या कानावर अशा बेपत्ता प्रवाशांच्या गोष्टी येऊ लागल्या. कुठे प्रेतं सापडत होती. मारेकरी मात्र सापडत नव्हते.

त्याने तपास सुरू केला. पण धागा हाती लागायच्या आतच त्याला फौजेत परत बोलावलं. पुढे १८३० च्या दशकात विल्यम स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याने जबलपूरला बसून ठगांच्या टोळ्यांचा माग काढला आणि सगळं श्रेय त्याच्या नावावर गेलं. आपण अगदी जवळ पोचलो होतो आणि संधी हुकली, ही खंत टेलरने म्हातारपणी आत्मचरित्रातही लिहून ठेवली.

आता शब्दाकडे येऊ.

स्लीमनच्या वर्णनातल्या टोळ्यांची पद्धत ठरलेली होती. आधी प्रवाशांशी ओळख काढायची. आपणही त्याच वाटेने निघालोय असं सांगायचं. दोन-चार दिवस सोबत चालायचं, खायचं, गप्पा मारायच्या. विश्वास बसला की योग्य जागा बघून रुमालाने गळा आवळायचा, प्रेत पुरायचं आणि माल वाटून घ्यायचा.

या कामाचे दोन भाग आहेत, आधी फसवणूक आणि मग खून. उत्तरेत लोकांनी पहिल्या भागावरून नाव दिलं, ठग. दक्षिणेत दुसऱ्या भागावरून नाव पडलं, फासीगर, म्हणजे फास लावणारा. म्हणजे गुन्हा तोच आणि नावं दोन. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत दोन्ही शब्द सापडतात.

समजा, इंग्रजांनी दक्षिणेतला शब्द उचलला असता, तर आज आजीच्या मीमवर ‘फासीगर लाईफ’ असं आलं असतं. पण उचलला गेला उत्तरेचा शब्द. आपल्या ‘ठ’साठी इंग्रजीत अक्षर नाही, म्हणून उच्चार झाला थग.

आपल्याकडे ‘ठग’ ऐकलं की त्यातला ठकवणारा लगेच दिसतो, कारण ठक, ठकवणं, ठकसेन, ठकास महाठक अशी सगळी भावकी आपल्याला माहीत असते. लंडनच्या वाचकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला फक्त रुमाल आणि प्रेत दिसलं. फसवणूक मागे पडली आणि हिंसा तेवढी उरली. पुढे रुमालही गेला आणि कुठल्याही दांडगटाला थग म्हणायला सुरुवात झाली.

राणीने वाचलेली कादंबरी

हा शब्द इंग्लंडच्या घराघरांत पोचवायचं काम टेलरने केलं.

ठगांच्या टोळ्या पकडल्या जाऊ लागल्या तेव्हा निजामाच्या मुलखातही कबुलीजबाब नोंदवले गेले आणि त्या कामात टेलरचा हात होता. हे ऐकलेलं सगळं त्याच्या डोक्यात होतं. रजेवर इंग्लंडला गेला असताना, १८३९ मध्ये, त्याची कादंबरी तीन भागांत प्रसिद्ध झाली. नाव होतं ‘कन्फेशन्स ऑफ अ थग’, म्हणजे एका ठगाची कबुली.

कादंबरीत अमीर अली नावाचा ठग तुरुंगात बसून एका साहेबाला आपली सगळी कहाणी सांगतो. ७१९ माणसं मारल्याचं तो सांगतो आणि त्याला त्याचा फारसा पश्चात्तापही नाही. पुस्तक तुफान गाजलं. राणी व्हिक्टोरियाने ते उत्सुकतेने वाचलं.

पुस्तकाच्या नावातला शब्दही बघा. इंग्रजीत ‘कन्फेशन’ आणि ‘ॲडमिशन’ असे दोन जवळचे शब्द आहेत. ॲडमिशन म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे एवढं मान्य करणं. मी त्या रात्री तिथे होतो, हे झालं ॲडमिशन. कन्फेशन म्हणजे गुन्हा आपणच केला हे कबूल करणं. आपल्याकडच्या पुराव्याच्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेलं कन्फेशन आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. त्यामुळे कोणी पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला अशी बातमी आली, म्हणजे खटला संपला असं नसतं.

अमीर अली तर आणखी एक गोष्ट होता, माफीचा साक्षीदार. इंग्रजीत त्याला ‘ॲप्रूव्हर’ म्हणतात. स्वतः गुन्ह्यात सामील, पण सवलतीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा. ‘विटनेस’ म्हणजे नुसता साक्षीदार. ठगांविरुद्धची मोहीम बहुतांश या माफीच्या साक्षीदारांवर उभी होती.

नाव पडलं की जन्मठेप

१८३६ मध्ये कंपनी सरकारने ठगांविरुद्ध खास कायदा केला. त्यात ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप होऊ शकत होती. त्या माणसाने अमुक दिवशी अमुक माणसाला मारलं, हे दाखवायची गरज नव्हती. कायदा होण्याआधीचं सभासदत्वही चालत होतं.

म्हणजे खुनी ठरवायला खून दाखवावा लागायचा. ठग ठरवायला माफीच्या साक्षीदाराने बोट दाखवलं तरी काम होऊ शकत होतं. या दोन शब्दांतला फरक शब्दकोशापुरता राहिला नव्हता. त्यावर माणसाचं सगळं आयुष्य ठरत होतं.

रस्त्यावर खून करणाऱ्या टोळ्या होत्या, याबद्दल फार वाद नाही. पण ठगांचा देशभर पसरलेला एक गुप्त धार्मिक पंथ होता, ही गोष्ट इंग्रजांनी फुगवली, असं आज अनेक इतिहासकारांचं म्हणणं आहे. ती फुगवण्यात टेलरच्या कादंबरीचाही हातभार लागला. कादंबरीतला अमीर अली इतका जिवंत उतरला, की वाचकांनी प्रत्येक ठग त्याच्यासारखाच धरला.

पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याने एकट्या माणसावर नाही, तर सबंध जमातीवरच गुन्हेगार असा शिक्का मारला. जन्माला आलेलं पोरही त्या यादीत. ठगांच्या कायद्यापासून या कायद्यापर्यंत एक सरळ धागा अनेक अभ्यासक दाखवतात. आपल्या शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट याच कायद्याखाली उभी राहिली होती. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, या जमाती विमुक्त झाल्या, पण शिक्का अजून पुसला गेलेला नाही. गावात चोरी झाली की पहिली नजर पालांकडे वळते, हे धाराशिव जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको.

म्हणून इंग्रजीत ‘सस्पेक्ट’, ‘ॲक्युज्ड’ आणि ‘कन्व्हिक्ट’ हे तीन शब्द वेगळे ठेवलेत आणि आपल्याकडेही संशयित, आरोपी आणि दोषी असे वेगळे शब्द आहेत. संशय आहे तो संशयित. रीतसर आरोप आहे तो आरोपी. कोर्टाने गुन्हा सिद्ध धरला तो दोषी. फोटो फॉरवर्ड करताना आपण तिघांनाही एकच शब्द लावतो, चोर.

सुरपूरचा अप्पा

परत टेलरकडे येऊ. १८४० मध्ये तो भारतात परतला आणि पुढची बरीच वर्षं लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्रासाठी बातमीपत्रंही लिहीत राहिला. याच काळात त्याच्याकडे सुरपूर संस्थानाचा कारभार आला. हे ठिकाण आज कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात आहे. तिथला राजा वेंकटप्पा नायक लहान होता. टेलरने जवळपास दहा-बारा वर्षं संस्थान सांभाळलं. पोर त्याला अप्पा म्हणायचं.

राजा मोठा झाला, कारभार त्याच्या हाती गेला आणि १८५३ मध्ये टेलर तिथून निघाला. त्याच वर्षी निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. पश्चिमेकडच्या या मुलखाचा डेप्युटी कमिशनर म्हणून टेलर नळदुर्गला आला.

नळदुर्गची वर्षं

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात बोरी नदीचं पाणी पाणीमहालावरून कोसळतं तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. टेलर आला तेव्हा आजचा धाराशिव जिल्हा या नावाने अस्तित्वात नव्हता. जिल्हा ओळखला जायचा नळदुर्गच्या नावाने. महसूल, न्याय, पोलीस, रस्ते असा सगळा पसारा टेलरच्या हाती होता.

तुळजापूरही त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. १८६३ मध्ये आलेली त्याची ‘तारा’ ही कादंबरी तिथेच सुरू होते. तारा ही तुळजापूरच्या पुजाऱ्याची मुलगी आणि काळ अफझलखानाच्या वधाच्या आसपासचा. देवीचं देऊळ, यात्रेकरू, बालाघाटाचा डोंगर हे सगळं दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजी वाचकांनी टेलरच्या डोळ्यांनी पाहिलं. दुर्दैव असं, की त्यांच्या लक्षात ‘तारा’पेक्षा ‘थग’च जास्त राहिला.

१८५७ चा उठाव झाला तेव्हा टेलरला वऱ्हाडात बुलढाण्याला जायचा हुकूम आला. फौज मिळणार नाही, आहे त्यात निभाव, एवढंच सांगितलेलं. त्याने ते निभावलं.

पण सुरपूरला वेगळंच घडलं. अप्पा म्हणणारा तो राजा आता तरुण झाला होता आणि इंग्रजांविरुद्ध उभा राहिला होता. त्याला पकडलं गेलं आणि १८५८ मध्ये पिस्तुलाची गोळी लागून त्याचा अंत झाला. ज्याला वाढवला तोच पलीकडच्या बाजूला गेला. सुरपूरचा ताबा घ्यायला इंग्रजांनी परत टेलरलाच पाठवलं.

या घटनेला इंग्रज लेखकांनी ‘म्युटिनी’ म्हटलं. पण म्युटिनी म्हणजे शिपायांनी आपल्याच वरिष्ठांविरुद्ध केलेलं बंड. वेंकटप्पा कुणाचा शिपाई नव्हता, तो राजा होता. त्याने केला तो उठाव, इंग्रजीत ‘रिबेलियन’. आणि आपलं गेलेलं राज्य परत मिळवायला लढणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते स्वातंत्र्याचं युद्ध. म्युटिनी म्हटलं की लढणारा आपोआप बेइमान ठरतो.

शेवट

१८६० मध्ये तब्येत ढासळली म्हणून टेलर इंग्लंडला परतला. त्याच वर्षी नळदुर्गचा मुलूखही निजामाकडे परत गेला. नंतरची वर्षं त्याने लिखाणात घालवली. शेवटी डोळे गेले. १८७५ मध्ये तशा अवस्थेतही तो एकदा भारतात येऊन गेला आणि परतीच्या वाटेवर, १३ मे १८७६ रोजी, फ्रान्समध्ये मेंतोन इथे वारला. त्याचं आत्मचरित्र पुढच्या वर्षी मुलीने प्रसिद्ध केलं.

शब्द मात्र चालत राहिला. तो अमेरिकेत पोचला. १९९० च्या दशकात टुपाक शकूरसारख्या रॅपरने तो स्वतःच अंगावर घेतला आणि तिथूनच आपलं ‘थग लाईफ’ आलं. पण तिथेही शिक्क्याची गोष्ट सुटली नाही. २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूने सामन्यानंतर जोरात बोलल्याबद्दल त्याला सगळीकडून थग म्हटलं गेलं. तेव्हा त्याने दाखवून दिलं, की ही काळ्या माणसाला शिवी द्यायची सभ्य पद्धत झाली आहे.

मग कुठला शब्द कुठे वापरायचा?

भारतीय दंडविधानात ३१० हे कलम ठगाची व्याख्या सांगायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठगाचं कलमच नाही. नव्या कायद्यात ३१० क्रमांकावर आहे दरोडा. बाकीचे शब्द मात्र रोजच्या कामाचे आहेत. तक्रार देताना आणि बातमी वाचताना एवढं लक्षात ठेवा.

थेफ्ट म्हणजे चोरी. तुळजापूरच्या गर्दीत नकळत खिशातला मोबाईल गेला, ती चोरी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

स्नॅचिंग म्हणजे हिसकावणं. गळ्यातलं मंगळसूत्र झटक्यात ओढून पळाला. न्याय संहितेत यासाठी ३०४ हे वेगळं कलम आलंय.

रॉबरी म्हणजे जबरी चोरी. मारहाण करून किंवा तिथल्या तिथे जिवाची भीती दाखवून घेतलेला माल. शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हायवेवर घडली तर चौदा वर्षांपर्यंत.

डकॉइटी म्हणजे दरोडा. हेच काम पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलं की दरोडा. चार असतील तर जबरी चोरी. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. हा शब्दही इंग्रजीने आपल्याच डाकू-डकैतवरून घेतला.

एक्स्टॉर्शन म्हणजे खंडणी. धमकी देऊन तुम्हालाच पैसे द्यायला लावणं.

चीटिंग म्हणजे फसवणूक. खोटं सांगून तुमच्या राजीखुशीने पैसे काढून घेणं. आपण ज्याला चारसोबीस म्हणायचो ते हेच. ओटीपी विचारून खातं रिकामं करणारा इथे बसतो. त्याला मराठीत ठग म्हणा. इंग्रजीत चीट म्हणा, स्कॅमर म्हणा, पण थग म्हणू नका.

आणि मारहाण करणाऱ्या थगचं मराठी करायचं असेल, तर त्याला आपला साधा शब्द आहेच, गुंड.

पुढच्या वेळी नळदुर्गला पाणीमहाल बघायला गेलात, तर सोबतच्यांना ही टेलर साहेबाची गोष्ट नक्की सांगा. आणि एखाद्या अनोळखी माणसाचा फोटो ‘चोर’ म्हणून ग्रुपवर आला, तर फॉरवर्ड करायच्या आधी विचारा, हा संशयित आहे, आरोपी आहे की दोषी?